कोणत्या प्रोसेसरवर मोजलं? एन्क्रिप्शनच्या वेगमापनाची गोष्ट

१ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्याचं विभाजन होऊन वाशिम जिल्हा झाला आणि आमचं मंगरूळपीर अकोल्यातून वाशिममध्ये आलं. त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत एक वेगळीच गोष्ट घडली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत बांधलेल्या ‘डीप क्रॅक’ नावाच्या यंत्राने डीईएस पद्धतीने बंद केलेला संदेश ५६ तासांत उघडून दाखवला. डीईएस म्हणजे १९७७ पासूनचं अमेरिकी सरकारचं अधिकृत मानक, बँकांचे व्यवहार त्याच्या भरवशावर चालायचे. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दुसऱ्या घटनेच्या मागेपुढे जे निर्णय झाले, ते वीस वर्षांनी आमच्या बसस्टँडजवळच्या मोबाइल दुकानात विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनपर्यंत येऊन पोचले. ते कसे पोचले, हे या लेखात बघू.

लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे जे पेट पास होऊन कोर्सवर्कला बसलेत किंवा सिनॉप्सिसची जुळवाजुळव करताहेत. या विषयातल्या सिनॉप्सिसमध्ये ‘प्रस्तावित पद्धत प्रचलित पद्धतींपेक्षा वेगवान आहे’ असं एक वाक्य हमखास असतं. आरआरसीपुढे त्यावर पहिला प्रश्न यायला हवा तो हा : कोणत्या यंत्रावर? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर आजवर बरंच काही ठरलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. एन्क्रिप्शन फुकट होत नाही, त्याला कष्ट पडतात, आणि ते कष्ट करणाऱ्यावर अवलंबून असतात. आपल्याकडचंच जुनं उदाहरण घ्या. महानुभाव पंथीयांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं ठरलेलं चिन्ह येतं. पंथातल्या ज्याच्या डोळ्यांत ती बसलीय तो सरळ वाचत जातो. नवख्याला मात्र प्रत्येक अक्षराशी थांबून मनात उलटा हिशोब करावा लागतो. (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्याची किल्ली शोधली, तोवर पंथाबाहेरच्यांना हे वाङ्मय जवळजवळ बंदच होतं.) म्हणजे पोथी तीच, पान तेच, पण वाचणारा बदलला की वेग बदलतो. संगणकाच्या बाबतीत हा वाचणारा म्हणजे प्रोसेसर.

वेग मोजायचं एकक सहसा ‘सायकल प्रति बाइट’ असतं. प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका म्हणजे एक सायकल. एक बाइट माहिती बंद करायला किती ठोके लागले, ते मोजायचं. सेकंदात मोजलं तर जास्त घड्याळवेगाचा प्रोसेसर आपोआप जिंकतो. सायकलमध्ये मोजलं की पद्धत आणि प्रोसेसरची रचना यांचं एकमेकांशी किती जुळतं, ते दिसतं. आकडा जितका कमी तितकं चांगलं.

पेंटियम प्रोची परीक्षा

डीईएसची किल्ली ५६ बिटची, म्हणजे आज ना उद्या ती तुटणार हे आधीच दिसत होतं. म्हणून सप्टेंबर १९९७ मध्येच अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने नव्या पद्धतीसाठी जगभरातून प्रवेशिका मागवल्या होत्या. नाव ठरलं एईएस. ऑगस्ट १९९८ मध्ये पंधरा पद्धती स्पर्धेत दाखल झाल्या. बेल्जियम, जपान, कोरिया, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, अगदी कोस्टारिकासारख्या छोट्या देशातूनही एक आली. भारतातून एकही नव्हती.

आता बघा, निस्टने जाहिरातीतच मोजणीचं यंत्रही सांगून टाकलं होतं : २०० मेगाहर्ट्झचा इंटेल पेंटियम प्रो, ६४ एमबी रॅम, विंडोज ९५ आणि बोरलँडचा सी++ ५.० कंपायलर. शिवाय ८ बिटच्या प्रोसेसरवर अंदाजे काय होईल तेही लिहून द्यायला सांगितलं होतं. एकच यंत्र ठरवून देण्यात सोय होती, सगळ्यांना एकच मैदान मिळालं. पण प्रत्येक मैदानाची माती वेगळी असते, आणि पेंटियम प्रोची एक खासियत होती. जुन्या पेंटियमवर ३२ बिटच्या दोन संख्यांच्या गुणाकाराला दहाएक सायकल लागायच्या. पेंटियम प्रोने ते काम चार सायकलवर आणलं, आणि तेही असं की दर सायकलला नवा गुणाकार सुरू करता यायचा.

याचा सर्वांत जास्त फायदा झाला आरसी६ या पद्धतीला. रॉन रिव्हेस्ट आणि सहकाऱ्यांच्या या पद्धतीत ३२ बिटचे गुणाकार आहेत आणि सोबत ‘रोटेट’ आहे. रोटेट म्हणजे शब्दातले बिट एका बाजूने ढकलायचे आणि जे बाहेर पडतील ते दुसऱ्या बाजूने आत घ्यायचे. रहाटगाडग्यासारखं, पोहरे तेच, फक्त फिरतात. किती घरं फिरवायचं तेही आरसी६मध्ये माहितीवरूनच ठरतं. पेंटियम प्रोला हे सगळं सोपं जायचं, म्हणून तिथे आरसी६ पहिली आली. पेंटियम प्रोच्या बाहेर पडल्यावर मात्र तिचा तोरा उतरला. ज्या प्रोसेसरवर गुणाकार महाग किंवा असं बदलतं रोटेट महाग, तिथे तिची घसरण झाली. याच्या उलट फ्रान्सची डीएफसी ६४ बिटच्या गुणाकारांवर उभी होती. ती ६४ बिटच्या अल्फा प्रोसेसरवर खुलायची आणि पेंटियमवर रखडायची.

मार्च १९९९ मध्ये रोमला दुसरी परिषद झाली, तोपर्यंत अनेकांनी आपापल्या यंत्रांवर मोजणी केली होती. ब्रूस श्नायर यांच्या गटाने सगळ्या उमेदवारांची वेगवेगळ्या प्रोसेसरवर तुलना मांडली. इंग्लंडमधल्या ब्रायन ग्लॅडमन यांनी तर पंधराच्या पंधरा पद्धती स्वतः सी भाषेत लिहून काढल्या. संशोधनाला लागणाऱ्यांनी ग्लॅडमन यांचं काम लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रत्येक गट आपली पद्धत जीव तोडून वेगवान करणार आणि दुसऱ्याची जेमतेम चालेल अशी लिहिणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. सगळ्या पद्धती एकाच हाताने, सारखीच मेहनत घेऊन लिहिल्या गेल्या तरच तुलनेला अर्थ येतो. आजही कित्येक पेपरमध्ये ‘आमची पद्धत’ हाताने घासूनपुसून लिहिलेली असते आणि ‘प्रचलित पद्धत’ कुठूनतरी उचललेली असते. परीक्षकाने त्यावर बोट ठेवलं तर बचाव राहत नाही.

खरी कसोटी मात्र दुसऱ्या टोकाला लागली, स्मार्टकार्डावर. त्या काळच्या स्वस्त कार्डात ८ बिटचा प्रोसेसर आणि १२८ किंवा २५६ बाइट रॅम असायची. बाइट म्हटलं मी, किलोबाइट नाही. आरसी६ला आधी ४४ उपकिल्ल्या बनवून ठेवाव्या लागतात, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे १७६ बाइट झाल्या. १२८ बाइटच्या कार्डात त्या मावतच नाहीत, वेगाची गोष्ट तर पुढची. बेल्जियमच्या योआन डायमन आणि विन्सेंट रायमेन यांच्या राइनडाल पद्धतीत दर फेरीची किल्ली आधीच्या किल्लीतून चालता चालता काढता येते. छोट्या किल्लीला १६ बाइट जागा पुरते. शिवाय तिची सगळी कामं एकेका बाइटवर चालतात, त्यामुळे ८ बिटच्या कार्डाला ती जड जात नाही आणि ३२ बिटच्या संगणकावर तक्ते वापरून वेगही मिळतो.

ऑगस्ट १९९९ मध्ये पाच पद्धती उरल्या : मार्स, आरसी६, राइनडाल, सर्पंट, टूफिश. सर्पंटची कथा मला सर्वांत आवडते. पेंटियम प्रोवर ती पहिलीच्या दुपटीहून जास्त वेळ घ्यायची, म्हणजे वर्गात शेवटची. तीच पद्धत थेट हार्डवेअरमध्ये उतरवली की सर्वांत पुढच्या रांगेत यायची. कारण तिची कामं बिटपातळीवरची, साधी आणि एकाच वेळी समांतर करता येण्यासारखी आहेत. तिच्या रचनाकारांपैकी एली बिहाम यांनी आणखी एक मुद्दा काढला. सर्पंटमध्ये ३२ फेऱ्या आहेत, त्या सुरक्षेसाठी मुद्दाम जास्त ठेवल्यात. दुसऱ्याने कमी फेऱ्या ठेवून वेग मिळवला, तर ही तुलना बरोबरीची कशी? आधी सगळ्यांची सुरक्षा साधारण सारखी होईल अशा फेऱ्या धरा आणि मग मोजा, असं त्यांचं म्हणणं. तसं केलं की सर्पंट बरीच वर सरकते. अर्थात ‘किती फेऱ्या पुरेशा’ हेही ज्याचं त्याचं मत असतं, आणि बिहाम स्वतः स्पर्धक होते. तरी मुद्दा खोटा नाही.

२ ऑक्टोबर २००० ला राइनडाल निवडली गेली आणि २६ नोव्हेंबर २००१ ला ती एईएस म्हणून मानक झाली. ठरवून दिलेल्या पेंटियम प्रोवर ती पहिली नव्हती. पण कार्डापासून मोठ्या संगणकापर्यंत ती कुठेच रडली नाही. संदर्भयंत्रावरच्या पहिल्या क्रमांकाला निस्टने निर्णायक मानलं नाही, हे मला त्या स्पर्धेतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

वेगातूनच गुपित फुटलं

पुढची पाच वर्षं सगळं सुरळीत वाटत होतं. संगणकावर एईएस वेगाने चालवायचा प्रचलित मार्ग म्हणजे एक-एक किलोबाइटचे चार तक्ते आधी बनवून ठेवायचे आणि दर फेरीत त्यांतून सोळा वेळा वाचायचं. स्पर्धेच्या निकालाच्या अहवालात निस्टने तक्त्यातून वाचणं हे वेळेवरून होणाऱ्या हल्ल्यांपासून सुरक्षित मानलं होतं. पण प्रोसेसरला कॅश असते. अलीकडेच वाचलेला भाग कॅशमधून पटकन मिळतो, न वाचलेला मेमरीतून सावकाश येतो. तक्त्यातलं कुठलं घर वाचायचं हे किल्लीवरून ठरतं. म्हणजे लागलेला वेळ किल्लीबद्दल थोडं थोडं बोलत असतो.

२००५ मध्ये डॅनियल बर्नस्टाइन यांनी ८५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम थ्री प्रोसेसरवर चालणाऱ्या सर्व्हरचा प्रतिसादवेळ मोजून एईएसची किल्ली काढून दाखवली. त्याच सुमारास ओस्विक, शमीर आणि ट्रोमर यांनीही कॅशवरून किल्ली काढण्याचे मार्ग मांडले. गंमत बघा, पाच वर्षं लोक ज्या कोडचा वेग कौतुकाने मोजत होते, त्या वेगातच भोक होतं. तेव्हापासून या क्षेत्रात नुसता सरासरी वेग सांगून भागत नाही. किल्ली बदलली तर वेळ बदलतो का, हेही दाखवावं लागतं. ‘स्थिरवेळ’ कोड म्हणतात तो हाच. ज्या प्रोसेसरवर स्थिरवेळ एईएस लिहायला कष्ट पडतात तिथला तक्तेवाला आकडा पुढे करणं म्हणजे विना-कुलपाच्या दाराला ‘पटकन उघडतं’ म्हणून शाबासकी देणं.

दोन वर्गांची फाळणी

इंटेलने यावर तोडगा काढला तो थेट सिलिकॉनमध्ये. २०१० च्या वेस्टमिअर पिढीपासून एईएसची एक संपूर्ण फेरी करणारी वेगळी आज्ञाच प्रोसेसरमध्ये आली. तक्ते नकोत, कॅशची भानगड नको, वेग कित्येक पटींनी वाढला. एआरएमनेही पुढच्या ६४ बिट रचनेत अशा आज्ञा ठेवल्या, पण ऐच्छिक. म्हणजे चिप बनवणाऱ्याने घेतल्या तर आहेत, नाही घेतल्या तर नाहीत. रास्पबेरी पाय ३ आणि ४ या बोर्डांत त्या नाहीत आणि ५ मध्ये आहेत, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजणी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. एकाच नावाच्या मालिकेतले दोन बोर्ड अगदी वेगळी उत्तरं देतात.

इथून जगाचे दोन भाग पडले. महाग यंत्रांत एईएस जवळजवळ फुकट, स्वस्त यंत्रांत तीच पद्धत ओझं. २०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये वेबसाइटशी बोलताना बर्नस्टाइन यांचीच चाचा२० पद्धत आणली. एईएसच्या आज्ञा नसलेल्या फोनवर ती एईएसपेक्षा तिप्पट वेगवान असल्याचं त्यांनी सांगितलं. चाचात तक्ते नाहीतच. बेरीज, रोटेट आणि एक्सऑर एवढ्या तीनच क्रियांवर ती चालते. (नाव ‘चाचा’ असं वाचून काकांची आठवण येते, पण ते नाचाचं नाव आहे.)

हे झालं इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीचं. फोनच्या आत साठवलेल्या माहितीचं काय? फोन हरवला, चोरीला गेला तर आतले फोटो, आधारचा फोटो, बँकेचे मेसेज कुणी काढू नयेत म्हणून आतली साठवणच एन्क्रिप्ट करायची असते. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ पासून गूगलने नव्या फोनना ते सक्तीचं केलं. पण अट घातली : एईएसचा वेग सेकंदाला ५० मेबीबाइटपेक्षा जास्त असेल तरच. त्यापेक्षा हळू असेल तर सूट.

ही सूट कुणाला मिळाली याचा विचार करा. महाग फोनना नाही. कॉर्टेक्स-ए७ सारखे छोटे प्रोसेसर असलेले, चार-पाच हजारांत मिळणारे फोन, जे आमच्याकडे सोयाबीन विकल्यावर घरातला पहिला स्मार्टफोन म्हणून घेतले जातात, त्यांना. एका बेंचमार्कच्या एका आकड्याने ठरवलं की या माणसांच्या फोनला आतून कुलूप असणं सक्तीचं नाही.

५० हा आकडा दुष्टपणे ठरवला होता असं मी म्हणत नाही. सक्ती केली असती तर ते फोन इतके रखडले असते की कुणी वापरलेच नसते. चूक वेगळीच होती. ‘या फोनवर एन्क्रिप्शन हळू आहे’ असं म्हटलं गेलं, प्रत्यक्षात या प्रोसेसरवर ती विशिष्ट पद्धत हळू होती. ही दोन वाक्यं सारखी नाहीत, आणि संशोधनाचा विषय त्यांच्यामधल्या फटीतच असतो.

ती फट गूगलच्याच पॉल क्रॉली आणि एरिक बिगर्स यांनी पकडली. त्यांची अ‍ॅडिअँटम पद्धत फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलने जाहीर केली. अ‍ॅडिअँटम म्हणजे आपल्याकडचं हंसराज, ओलाव्याच्या जागी उगवणारं नाजूक नेचं. यात मुख्य काम चाचाच्या बारा फेऱ्यांची आवृत्ती करते आणि एईएस फक्त एकदा, तेही ४०९६ बाइटच्या पूर्ण तुकड्यामागे एका छोट्या ठोकळ्यासाठी वापरली जाते. त्यांच्या पेपरमधला आकडा : कॉर्टेक्स-ए७वर ४०९६ बाइटचा तुकडा उघडायला १०.६ सायकल प्रति बाइट, एईएस-२५६-एक्सटीएसपेक्षा पाचपटीहून वेगवान.

कागद-पेन घ्या, हा हिशोब स्वतः करा. समजा फोनचा घड्याळवेग १.२ गिगाहर्ट्झ आहे. सेकंदाला १२० कोटी सायकल भागिले १०.६, म्हणजे साधारण ११.३ कोटी बाइट. एईएस पाचपटीहून हळू, म्हणजे सव्वादोन कोटी बाइटच्याही आत. ५० मेबीबाइट म्हणजे सव्वापाच कोटी बाइट. एक पद्धत मर्यादेच्या दुपटीने वर, दुसरी निम्म्याच्याही खाली, आणि फोन तोच. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनची ती सूट संपली.

कमजोर यंत्राला झेपेल असं काम आधीच वाटून द्यायचं, याचं एक चांगलं उदाहरण महाराष्ट्रातूनच सुरू झालं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या तेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. आधारच्या पडताळणीत बोटाच्या ठशाची माहिती एईएसने बंद होते, आणि ती एईएसची तात्पुरती किल्ली २०४८ बिटच्या आरएसएने. आरएसए म्हटलं की लोक ‘हळू’ म्हणतात, पण कुणासाठी हळू ते बघा. सार्वजनिक किल्ली सहसा ६५५३७ धरतात, म्हणजे बंद करायला १६ वर्ग आणि एक गुणाकार, एकूण १७ मोठे गुणाकार. उघडायला मात्र दोन हजारांच्या वर. बंद करणारं यंत्र रेशन दुकानातलं, उघडणारं दूरच्या डेटा सेंटरमधलं. जड बाजू बरोबर जड यंत्राकडे गेली. ‘आरएसएचा वेग’ असा एकच आकडा देणाऱ्या तक्त्यात ही गोष्ट दिसतच नाही.

‘अजित’वर चाचा किती नाचेल?

आता एक गृहपाठ, जो मला वाटतं आपल्याकडे अजून पुरेसा झालेला नाही. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने ‘अजित’ नावाचा प्रोसेसर तयार केलाय. तो स्पार्क व्ही८ या आज्ञासंचावर चालतो. या आज्ञासंचात रोटेटची आज्ञाच नाही. रोटेट करायचं तर डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा आणि दोन्ही जोडा, अशा तीन आज्ञा.

चाचा२०चा ६४ बाइटचा एक ठोकळा काढायला २० फेऱ्या, दर फेरीत ४ पाव-फेऱ्या, दर पाव-फेरीत ४ बेरजा, ४ एक्सऑर, ४ रोटेट. म्हणजे प्रत्येक क्रिया ३२० वेळा. रोटेट एका आज्ञेत होत असेल तर एकूण ९६०, बाइटमागे १५. ‘अजित’वर रोटेटच्या ९६० होतात, एकूण १६००, बाइटमागे २५. आणि ३२ बिटच्या एआरएमवर एखाद्या बेरजेच्या किंवा एक्सऑरच्या आज्ञेतच दुसरी संख्या फिरवून घेण्याची सोय असते. नीट लिहिलं तर बहुतेक रोटेट त्यात विरून जातात, ६४० च्या आसपास, बाइटमागे १०. हा फक्त आज्ञांचा हिशोब आहे, मेमरीतून आणणं-ठेवणं यात नाही, आणि एका आज्ञेत अनेक संख्या हाताळणाऱ्या प्रोसेसरना हा लागू नाही. तरी बघा, एकाच पद्धतीचं ओझं १०, १५ आणि २५. रिस्क-व्हीच्या मूळ संचातही रोटेट नव्हतं, २०२१ मध्ये मंजूर झालेल्या जोडसंचाने ते आलं. देशी प्रोसेसरवर कुठली पद्धत वापरावी, त्यात कुठली आज्ञा घालावी, हे प्रश्न अशा मोजणीतूनच सुटतात. एखाद्या सिनॉप्सिसला पुरेल एवढं काम इथे नक्की आहे.

तयार बेंचमार्कचा आधार घेऊ का, असं कुणी विचारेल. आपल्या मुरंब्याचे, म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या मुर्तिजापूर तालुक्यातले, विजय भटकर यांनी सी-डॅकमध्ये १९९१ साली परम ८००० उभा केला, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचाच ‘एक’ हा महासंगणक जगात चौथा आला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो क्रमांक लिनपॅकवरचा होता. लिनपॅक दशांश-संख्यांचे गुणाकार मोजतो आणि एन्क्रिप्शनमध्ये सहसा दशांश-संख्या येतच नाहीत. त्या यादीवरून एईएसबद्दल काहीही कळत नाही. आपल्या कामासाठी बर्नस्टाइन आणि तान्या लांगे यांचा सुपरकॉप हा संच बघा. त्यात एकाच पद्धतीचे अनेकांनी लिहिलेले कोड शेकडो यंत्रांवर चालवून मधला आकडा आणि चतुर्थकं दिलेली असतात. नुसती सरासरी नाही, कारण मध्येच एखादा व्यत्यय आला तर ती बिघडते.

मोजायला बसलात की काही गोष्टी आधी बघून घ्या. इंटेलवर सायकल मोजायला जो वेळ-मोजक वाचतात, तो ठरावीक वेगाने चालतो. प्रोसेसर मात्र टर्बोमध्ये त्याहून वेगात पळत असतो, म्हणून टर्बो बंद केल्याशिवाय तुमचे ‘सायकल’ खरे सायकल नसतात. एआरएमवर सायकल-मोजक साध्या प्रोग्रामला वाचूच देत नाहीत, कर्नलमधून परवानगी द्यावी लागते. फोनमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात, तेव्हा प्रोग्राम एका कोअरला बांधून ठेवा, नाहीतर अर्धी मोजणी एकावर आणि अर्धी दुसऱ्यावर होईल. संदेश किती बाइटचा तेही लिहा. १६ बाइटच्या संदेशात किल्लीची तयारीच वेळ खाते, १६ किलोबाइटमध्ये ती जाणवत नाही. कंपायलरची आवृत्ती आणि पर्यायही द्या.

आणि विदर्भातल्या लोकांसाठी खास. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की प्रोसेसर आपला वेग कमी करतो, मोजणी अर्ध्यात असेल तर ती टाकून द्या. मे महिन्यात पारा ४४ च्या वर असताना बिनपंख्याच्या बोर्डावर किंवा फोनवर मोजत असाल, तर पहिली काही मिनिटं आणि नंतरची यांत फरक येतो, कारण चिप तापली की स्वतःहून सावकाश होते. हा दोष मानून लपवू नका, चिपचं तापमान दर मोजणीसोबत लिहून ठेवा. पहाटे पाचला आणि दुपारी दोनला, अशा दोन्ही वेळचे आकडे घेतलेत तर उत्तमच, कारण ज्याच्यासाठी हे मोजतोय तो माणूस फोन दुपारी शेताच्या धुऱ्यावरच वापरतो.